ब्लॅकबुकं रद्दीत, आणि भीती कॉपीची

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललंय. तिथेच आता शिकवणाऱ्या मैत्रिणीने सुचवलं, मुलांच्या प्रोजेक्टचं डिजिटल अर्काइव्ह करूया, तर निम्मे म्हणे "मग पुढची बॅच सरळ कॉपीच मारेल की!" इथे बॉस्टनला रात्री अकराला हे वाचून हसूच आलं, कारण आमच्या वेळी काय होत होतं? सीनियरचं ब्लॅकबुक, म्हणजे काळ्या बाइंडिंगमधला प्रोजेक्ट रिपोर्ट, आणायचं, पहिलं पान बदलायचं, सोनेरी अक्षरांत आपलं नाव टाकून व्हायवाला हजर. जुनी प्रत कुलूपबंद कपाटात, तपासणार कोण? तीच सगळ्यांना दिसत असती तर एका सर्चमध्ये चोरी पकडली असती.

माझा स्वतःचा प्रोजेक्ट म्हणजे साताऱ्याकडच्या सहा गावांतल्या विहिरींची पाणीपातळी, १९९८ च्या मे महिन्यात दोरी सोडून मोजलेली (अर्धा रस्ता एसटीने, अर्धा पायी). कपाटं रिकामी करताना रद्दीत गेला म्हणे. ते आकडे आता कुणी कुठून आणणार?

सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही खरं तर. इथल्या एमआयटीने एचपीबरोबर २००२ साली अशा अर्काइव्हसाठीच डीस्पेस नावाचं सॉफ्टवेअर काढलं, फुकट आहे, आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी तेच चालतं. प्रबंधांचं शोधगंगा नावाचं ऑनलाइन अर्काइव्हही आहे पण ते पीएचडी-एमफिलवाल्यांचं, बीएच्या पोराला तिथे जागा नाही, आणि नव्या शैक्षणिक धोरणात तर चौथ्या वर्षाला रिसर्च आलाय. इथलं, अमेरिकेतलं, सगळं भारी असंही नाही हं, नुसती टायटलं दिसतात आणि आतलं उघडत नाही असं खूपदा होतं. पण विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डबद्दल १९७४ चा कायदा आहे, त्यामुळे आधी मुलाची लेखी परवानगी घेतात, पेपर छापायचाय म्हणून कुणी आपला प्रोजेक्ट खुला करणं दोन वर्षं थांबवूनही ठेवतो. आमच्या ग्रुपवर दीडशे मेसेज झाले, मुलांना विचारूया असं एकानेही म्हटलं नाही!

खरी मेख मराठी प्रोजेक्टांची. जुन्या फाइली श्रीलिपी नाहीतर कृतीदेव अशा युनिकोडआधीच्या फाँटमध्ये, पीडीएफ चढवली तरी सर्चला 'विहीर' सापडत नाही, आत नुसता कचरा. निदान विषय, गाव, वर्ष आणि चार ओळींचा सारांश तरी कुणीतरी बसून युनिकोडमध्ये टाइप करायला हवा.

मी लिहिलं, सर्व्हरचे पैसे मी देतो. तीन अंगठे आले. मैत्रिणीने मात्र वेगळा मेसेज टाकला, "पैसे राहू दे रे, डिसेंबरात येशील तेव्हा चार दिवस टायपिंगला बसतोस का?" अजून उत्तर दिलं नाहीये.