रोम, दुपारी एक वाजता

आज सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी युरोप सहलीचं पत्रक टाकलं. जूनचा दुसरा आठवडा. रोमच्या दिवशी लिहिलंय: दुपारी कलोसियम (बाहेरून), फोरम (बसमधून), त्रेवी कारंजं, मग भारतीय जेवण. खाली अंगठ्यांची रांग. फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि तेही बसमधून! डोकं फिरलं म्हणून लिहितेय.

हीच मंडळी परत येऊन सांगतात, "रोममध्ये काय आहे, पडके खांब नुसते, आणि ऊन मेलं!" भर दुपारी एकला नेऊन उभं केलं तर दुसरं काय दिसणार?

आईला घेऊन मी जुलैत गेले होते. कलोसियमची वेळ बाराची मिळाली, त्यामुळे फोरममध्ये उतरेपर्यंत एक वाजला. फोरममधून जाणाऱ्या व्हिया साक्रा या जुन्या रस्त्याचे काळे दगड बुटांच्या तळव्यातूनही भाजत होते. झाड शोधावं लागतं तिथे. आई तीतसच्या कमानीखाली पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे लोक या उन्हात राहायचे कसे गं?"

राहायचेच नाहीत, आई! फोरमच्या कडेने ओवऱ्या होत्या, छपराचे मोठे दिवाणखाने होते. पुढे शतकानुशतकं लोकांनी तिथला संगमरवर महालांसाठी उचलून नेला, भट्टीत घालून चुना केला, आणि उरल्या जागेत गुरं चरू लागली. आपण बघतो तो छप्पर गेलेला वाडा. कलोसियम इ. स. ८० मध्ये उघडलं तेव्हा प्रेक्षकांवर कापडाचं छत ओढायची सोय होती. त्यासाठी आरमारातले खलाशी ठेवले होते, कारण दोर आणि शिडं त्यांनाच कळायची. त्या छताचे खांब रोवायचे दगडी टेकू वरच्या मजल्यावर अजून दिसतात. आणि आज त्याच भिंतीबाहेर आपले सत्तरीचे काकाकाकू उघड्यावर रांगेत. राग येणार नाही तर काय!

बरं, टूर कंपन्यांमुळेच आपल्यातले कित्येक जण परदेश बघू शकले. मान्य. पण म्हणून बसमधून?

आईचंच सांगते. बाहेर पडून मोंती या शेजारच्या वस्तीतल्या गल्लीत शिरलो तर कोपऱ्यावर बिडाचा ठेंगणा खांब, त्याला वाकडी नळी, पाणी अखंड वाहतंय. नाझोनी म्हणतात. १८७० च्या दशकापासून आहेत, शहरभर २,००० हून जास्त. आई वाकून ओंजळीने प्यायला लागली. एक म्हातारे आजोबा आले, नळीचं तोंड बोटाने दाबलं, आणि वरच्या भोकातून पाण्याची धार उडाली, थेट तोंडात घ्यायला. आई हसत सुटली. पदर भिजवला, डोक्यावर घेतला. "अगं, ही तर पाणपोई!" आजही कुणी रोमचं विचारलं की ती कलोसियमच्या आधी पाणपोई सांगते. तो बोटाचा कार्यक्रमही करून दाखवते, नळ नसला तरी.

आणि शेजारच्याच टपरीवर एक मराठी ग्रुप बाटल्या विकत घेत होता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! आग्रिप्पा या रोमन सेनापतीने इ. स. पू. १९ मध्ये आणलेला जलमार्ग दुरुस्त्या होत होत अजून त्रेवीला पाणी पुरवतोय, अशा गावात.

आता कमेंटमध्ये येणारच, "उन्हाचं काय घेऊन बसलीस, आम्ही नागपूरचे." नागपूरचा माणूस मे महिन्यात दुपारी एकला घराबाहेर पडतो का? रोमचेही पडत नाहीत. जुन्या गल्ल्यांत त्या वेळी खिडक्यांच्या झडपा बंद असतात.

सुट्टी उन्हाळ्यातच मिळते, तेही खरं. मग सकाळी दार उघडताना आत शिरा, बाराला खोलीवर या, जेवा, झोपा. सहानंतर बाहेर पडा. भिंती तेव्हाही गरम असतात, पण खुर्च्या रस्त्यावर आलेल्या असतात आणि माणसं बोलायच्या मनःस्थितीत असतात. आम्ही दुसऱ्या दिवसापासून हेच केलं. त्यात व्हॅटिकन राहिलं. आईला काहीच वाटलं नाही. मला थोडं वाटलं.