‘टार्गेट लावा, सरळ होतील’ : व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजला गावातून उत्तर

गेल्या हप्त्यात आमच्या गावच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. मजकूर असा : सरकारी नोकरांना कंपनीसारखं टार्गेट द्या, कामापुरता पगार द्या, मोबाइलवर फोटो काढून हजेरी घ्या, न करणाऱ्याला घरी पाठवा, वर्षात सगळे सरळ होतात. खाली अंगठ्यांची रांग. फेरफारासाठी चार चकरा मीही मारल्या आहेत, तेव्हा कुणाची वकिली करायला बसलो नाही. पण यातली एकही गोष्ट नवी नाही.

टार्गेट तर लावून झालं. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या. मास्तरांनाही कोटे होते, भरले नाहीत तर पगार अडायचा. आकडा भरला, कसा भरला ते जुन्या माणसांना विचारा. पुढे १९९६ मध्ये सरकारनेच कुटुंब नियोजनातली वरून लादलेली टार्गेटं काढून टाकली.

‘कामापुरता पगार’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच गल्लीतल्या आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला भेटावं. तिच्या कमाईचा मोठा भाग कामागणिक मिळतो. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ४२ दिवसांत घरी जाऊन बाळाला ६ वेळा बघायचं, तर २५० रुपये. रात्री दोनला कुणाला ताप चढला म्हणून तिला उठवलं, त्याचा यादीत रकानाच नाही. तरी ती उठते. कामावर पैसे मोजून माणूस सुखी आणि चोख होत असता, तर २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशा संपावर कशाला गेल्या असत्या?

आता फोटोची हजेरी, मेसेजमधला सगळ्यांचा लाडका मुद्दा. रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो मोबाइल ॲपवर चढवणं १ जानेवारी २०२३ पासून देशभर सक्तीचं झालं. मेळघाटात रेंज शोधत टेकडी चढावी लागते. ‘फोटो चढूनच नाई रायला, बाप्पा’, हे ज्यानं ऐकलं नाही त्यानं रोहयोचं काम पाह्यलं नाही. बरं, चढलेल्या फोटोंचं काय? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की फोटोचाच फोटो काढून चढवतात, कामाशी संबंध नसलेले फोटो लावतात, बायांच्या जागी पुरुष दिसतात. उपाय काय सुचवला? ग्रामपंचायतीने सगळे फोटो डोळ्यांनी तपासावेत! म्हणजे माणसावर भरवसा नाही म्हणून ॲप आणलं आणि ॲपवर नजर ठेवायला पुन्हा माणूस बसवला.

राहिलं ‘घरी पाठवा’. सरकारी नोकराला ‘काढताच येत नाही’ असं लोक म्हणतात, ते तर सरळ खोटं. घटनेच्या कलम ३११ प्रमाणे आधी चौकशी लागते, एवढंच. शिवाय राज्यात ५०-५५ वयाला कामाचा आढावा घेऊन सक्तीने निवृत्त करण्याची तरतूद जुनीच आहे. ती वापरायची कुणी, हा खरा प्रश्न.

उलट आपल्याच विदर्भात एक गोष्ट घडली, ती या मेसेजमध्ये कधी येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. दर १५ दिवसांनी डॉक्टर गावात येऊन त्यांच्या नोंदी पडताळायचा आणि चुकलं तर तिथेच पुन्हा शिकवायचा. नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ वरून २६ च्या आसपास आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. आपल्याकडे साहेब गावात येतो तो पाहणी दौऱ्याला, आणि जेवून जातो.

लोकांच्या हातातही काहीच नाही असं नाही. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात फाईल एका टेबलावर साधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं लिहिलंय. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात उशीर करणाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. फक्त अर्जाची तारखेसह पोच घ्यावी लागते आणि अपील करावं लागतं.

मेसेज टाकणारा माझाच वर्गमित्र. त्याला फोन केला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी महिनाभर फिरतोय म्हणाला. विचारलं, पोच घेतली का?

‘कायची पोच?’