तारापूरचं इंधन आणि दिल्लीचं मत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नाव न देता तुम्ही फक्त 'सिंहगड रस्त्यावरचा एक निवृत्त अभियंता' अशी सही केलीत आणि अणुभट्ट्यांचे भाग घडवण्यात आयुष्य गेल्याचं लिहिलंत, म्हणून काका म्हणतो. अणुभट्ट्यांसाठी बाहेरच्या देशांवर विसंबलं की त्यांचं राजकारणही सोबत येतं, असं म्हणणाऱ्या माझ्या मागच्या लेखावर तुमचा राग तीन गोष्टींवर आहे. एक, भट्टी हे यंत्र आहे, त्यात मी राजकारण घुसडलं. दोन, तेल आपण बाहेरूनच आणतो, त्याला कुणी गुलामी म्हणत नाही, मग युरेनियमचाच बाऊ का? तीन, २००५ साली भारताने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणविरोधात मत दिलं ते 'अमेरिकेला मोजलेली किंमत' होती, असं मी लिहिलं. पण तुमचं म्हणणं, अमेरिकेबरोबरचा अणुकरार झाला नसता तर आपल्या भट्ट्या इंधनावाचून उपाशी राहिल्या असत्या, आणि ते दिवस तुम्ही पाहिले आहेत.

तेलापासून सुरुवात करतो. तेलाचा विक्रेता बदलता येतो. २०२२ पूर्वी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आसपास होतं, ते वर्षा-दीड वर्षात एक तृतीयांशावर गेलं. रिफायनऱ्या त्याच, बंदरं तीच. नैसर्गिक युरेनियमचंही बरंचसं तसंच आहे. कझाकस्तानने दिलं नाही तर कॅनडा आहे, उझबेकिस्तान आहे. शिवाय कोळशाला रोज रेल्वेचे रेक लागतात, युरेनियम मात्र काही वर्षांचं साठवून ठेवता येतं. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण तारापूरचं काय? १९६३ च्या करारानुसार अमेरिकेने दोन भट्ट्या दिल्या, त्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांना समृद्ध युरेनियम (ज्यातला जळणारा अंश प्रक्रिया करून वाढवलेला असतो ते) लागतं, आणि ते फक्त अमेरिकेकडूनच घ्यायचं असं त्या करारातच होतं. १८ मे १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि तारापूरचा घास अडकला. १९८० मध्ये कार्टर यांनी ३८ टन इंधन पाठवायचं ठरवलं. त्यांच्याच देशाच्या अणुनियामक आयोगाने नकार दिला होता, प्रतिनिधिगृहही विरोधात गेलं, आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी ते इंधन सुटलं. मुंबई आणि गुजरातला वीज देणारं केंद्र वॉशिंग्टनमधल्या दोन मतांवर उभं होतं, काका! पुढे १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीत तोडगा निघाला आणि इंधन फ्रान्सने दिलं. फ्रान्सनंतर १९९५ मध्ये चीनने दिलं. होय, ज्या चीनने २०१६ मध्ये सोलच्या बैठकीत अणुपुरवठादार गटात (अणुव्यापाराचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या गटात) आपली वाट अडवली, त्यानेच. मग २००१ मध्ये रशियाने दिलं, मध्ये नियमांवर बोट ठेवून हात आखडला आणि २००६ मध्ये पुन्हा दिलं. भट्टी तीच, पण चार देशांची दारं ठोठवावी लागली आणि प्रत्येक दारात काही ना काही बोलणी करावी लागली. जळालेल्या इंधनाचं काय करायचं यावरही अमेरिकेशी वर्षानुवर्षं वाद चालला, ते निराळंच.

यंत्रात राजकारण मी घुसडलं नाही. ते यंत्राच्या खरेदीपत्रातच असतं.

याचा सगळ्यात ठळक पुरावा २००८ चा आहे. सप्टेंबर २००८ मध्ये अणुकराराचा भाग म्हणून अणुपुरवठादार गटाने आपल्याला अणुव्यापाराच्या निर्बंधांतून सूट दिली आणि त्याच महिन्यात परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी अमेरिकेला पत्र दिलं की, किमान १०,००० मेगावॉटच्या भट्ट्या भारत अमेरिकी कंपन्यांकडून घेईल. तेव्हा कोणती भट्टी, कोणत्या दराने, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. पुढे जागाही देशांच्या नावाने वाटल्या गेल्या: कुडनकुलम रशियाकडे, जैतापूर फ्रान्सकडे, गुजरातमधलं मिठी विर्डी आणि आंध्रातलं कोव्वाडा अमेरिकी कंपन्यांकडे. निविदा नाही, तुलना नाही. तुम्ही कारखान्यात साधा पंप घेतानासुद्धा तीन दरपत्रकं मागवली असतील.

आणि पदरात काय पडलं? अमेरिकी बनावटीची एकही नवी भट्टी आजवर उभी नाही. २०१० च्या कायद्यातलं पुरवठादाराचं दायित्व, म्हणजे अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी, त्या कंपन्यांना नको होतं, आणि २०१७ मध्ये त्यांच्यातली वेस्टिंगहाऊस स्वतःच दिवाळखोरीत गेली. जैतापूरबद्दल मी जास्त कळवळून लिहितो, हे तुम्ही बरोबर हेरलंत. पुण्यात कोकणातली माणसं घरोघरी आहेत आणि जैतापूर प्रकल्पाच्या जागेचं, माडबनच्या पठाराचं काय होणार, हे १५ वर्षांहून अधिक काळ ती एकमेकांना विचारत आहेत. सहा भट्ट्या, ९,९०० मेगावॉट, २०१० चा करार. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटेला आंदोलनात गोळीबार होऊन एक माणूस गेला. त्याच जातीची भट्टी खुद्द फ्रान्समध्ये, फ्लामाँव्हिलला, २००७ मध्ये बांधायला घेतली होती. तिची वीज ग्रिडला पोहोचायला डिसेंबर २०२४ उजाडला.

आता तुमचा तिसरा मुद्दा. इथे मी चुकलो आहे. करारापूर्वी देशी युरेनियम इतकं अपुरं पडत होतं की २००७-०८ च्या सुमारास भट्ट्या जेमतेम निम्म्या क्षमतेने चालत होत्या. झारखंडची जादूगुडा खाण एकटी किती पुरणार? सूट मिळाली, बाहेरचं युरेनियम आलं आणि त्याच भट्ट्या भरभरून चालल्या. मागच्या लेखात हे एका ओळीत उरकलं, ते बरोबर झालं नाही. इराणने अण्वस्त्र बनवू नये यात भारताचं स्वतःचं हित होतं, हेही खरं. पाकिस्तानातून झालेल्या अणुतंत्राच्या चोरट्या व्यापाराची झळ आपल्याला ठाऊक आहे.

तरीही ते मत करारापासून पूर्ण वेगळं काढता येत नाही. सप्टेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत रशिया आणि चीन तटस्थ राहिले, आपण इराणविरोधी ठरावाच्या बाजूने मत दिलं. जानेवारी २००६ मध्ये, पुढच्या मतदानाच्या तोंडावर, अमेरिकेचे राजदूत मलफर्ड यांनी उघड सांगितलं की, भारताने इराणविरोधात मत दिलं नाही तर करार त्यांच्या संसदेत जगणार नाही. आपल्या परराष्ट्र खात्याने त्यांना बोलावून नाराजी कळवली, आणि फेब्रुवारीत मत मात्र त्याच बाजूला पडलं. सरकारच्या मनात किती वाटा स्वहिताचा आणि किती दबावाचा होता हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. म्हणून 'किंमत मोजली' हे ठाम वाक्य मी मूळ लेखातून आज काढलं आणि त्याजागी मतदानाच्या तारखा व राजदूतांच्या विधानाचा मजकूर घातला. वाचकाने स्वतः ठरवावं.

राहिला प्रश्न पुढचा. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट, असं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. आज आपण ९ गिगावॉटच्याही अलीकडे आहोत. तेव्हा हे ९० गिगावॉट कोणत्या भट्ट्यांचे असणार, हे मला गिगावॉटच्या आकड्याहून महत्त्वाचं वाटतं. काक्रापारच्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्या आपल्या आराखड्याच्या आहेत, त्यांचं इंधन हैदराबादला तयार होतं आणि युरेनियम पाच ठिकाणांहून आणता येतं. कुडनकुलमची इंधनजुडगी (इंधनाच्या नळ्यांचे एकत्र बांधलेले संच) रशियातून तयार होऊन येतात. तिथली वीज उत्तमच आहे, पण युक्रेनवर मतदान असतं तेव्हा दिल्लीतल्या टेबलावर ही जुडगीही असतात, असं मला वाटतं.

तुम्ही शेवटी लिहिलंत की ७०० मेगावॉटच्या भट्टीची मोठी पोलादी भांडी वेळेत घडवू शकणारे कारखाने देशात मोजकेच आहेत, आणि म्हणून परदेशी भट्ट्यांवाचून गत्यंतर नाही. तुमच्या प्रतिक्रियेतला हा सगळ्यात भक्कम भाग आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला ती अवाढव्य भांडी मी बाहेरून पाहिली आहेत, ती घडवताना वेळ नेमका कुठे जातो हे तुम्हाला माहीत आहे. वेल्डिंगला, तपासणीला, की पोलाद मिळवायला? सवडीने लिहून पाठवा. मी ते इथेच स्वतंत्र लेख म्हणून, एक शब्दही न बदलता लावीन.