चुन्याची लक्ष्मणरेषा

मृगाचा पाऊस पडतो, परड्यात वाफे होतात, काकडी-भेंडी टोकली जाते, मिरची-वांग्याची रोपं लागतात आणि आठवडाभरात कोकणातल्या घराघरांतून सकाळी एकच वाक्य ऐकू येतं: "अगो, काल तर होतं इथे रोप!" रोप गेलेलं असतं. जमिनीलगत हिरवा खुंट आणि खुंटाभोवती वाळलेली चकचकीत चिकट रेघ. इतका स्वच्छ पुरावा मागे ठेवून जाणारा दुसरा गुन्हेगार माझ्या माहितीत नाही.

तरी आळ अळीवरच येतो आणि निंबोळी अर्काचा पंप बाहेर निघतो. म्हणून आधी पंचनामा. पान खाणारी अळी पानावर लेंड्या टाकते. रोपं कापणारी अळी खोड कापून रोप तिथेच आडवं टाकते. गोगलगाय मात्र पानात वेडीवाकडी भोकं पाडते, आणि रोप दोन पानांचं असेल तर देठासकट फस्त करते. उष्टं टाकायची तिची पद्धत नाही. शंका राहिलीच तर रात्री नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन वाफ्यात जावं. आरोपी जेवताना सापडतो.

आरोपी दोन प्रकारचे. एक मोठी तपकिरी शंखी, मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 साली विल्यम बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली, पुढचा प्रवास तिने स्वतःच्या पायाने आणि लोकांच्या कुंड्यांतून केला. 2022 च्या पावसाळ्यात तिच्या लेकुरवाळ्या फौजेने मराठवाड्यात उगवतं सोयाबीन असं काही खाल्लं की सरकारला मदत जाहीर करावी लागली. दुसरी बिनशंखी: चपटी, काळपट, पाठीवर मधोमध फिकट रेघ. दोन्हींत नर-मादी अशी भानगड नाही. दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात, आणि मोठी शंखी एका वेळी शंभराच्या वर घालते. आमच्या गावकीत कुठल्याही ठरावावर इतकं एकमत होत नाही.

आता उपाय. परसबागवाल्याला रात्री वाकायचा कंटाळा असतो, म्हणून त्याचा पहिला जीव रेषेवर. वाफ्याभोवती चार बोटं रुंद चुन्याची भुकटी ओढायची आणि निर्धास्त झोपायचं. ताजी, कोरडी कळीच्या चुन्याची भुकटी खरंच अंगाला झोंबते, गोगलगाय मागे फिरते. पण आषाढात कोरडं राहतं काय? एका सरीत रेषेचा चिखल होतो. आणि नाहीच भिजली, तरी तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन काही दिवसांत निवळ खडूची पूड होतो. शंखीला शंख वाढवायला नेमकं तेच कॅल्शियम हवं असतं. त्यासाठी ती चुना लावलेल्या भिंतीसुद्धा खरवडते. म्हणजे आपण काढलेली लक्ष्मणरेषा आठवड्याने तिचं टॉनिक ठरते. वर दर पंधरवड्याला नव्याने रेषा ओढत राहिलात तर मातीचा सामू (pH) चढतो आणि मिरची पिवळी पडते, ते वेगळंच.

अंड्याच्या टरफलांची तीच गत. लोक ती श्रद्धेने वाळवून, कुटून, बरणीत भरून ठेवतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, जाड खडी, पाइनच्या सालीचा थर आणि लोकरीच्या गोळ्या असे पाच अडथळे लेट्यूसभोवती घालून पाहिले. काहीही न घातलेल्या रोपांइतकीच ही रोपंही खाल्ली गेली. कॉफीच्या चोथ्याबद्दलही असंच. हवाईत कॅफीनच्या 1 ते 2 टक्के द्रावणाने गोगलगायी मेल्या हे खरं, पण आपल्या घरच्या कॉफीत कॅफीन पाव टक्काही नसतं, आणि चोथ्यातलं बरंचसं तर कॉफीतच उतरून गेलेलं असतं. तेवढ्याने त्यांची झोप उडेल फार तर. आणि रात्री जागायची सवय त्यांना आहेच.

कीड पळवायला म्हणून कडेने झेंडू लावणाऱ्यांना तर मला हात जोडावेसे वाटतात. गोगलगायीला झेंडू भाजीहून प्रिय. अर्थात हे माहीत असेल तर झेंडूच आमिष म्हणून लावता येतो: वाफ्यापासून चार हात दूर, रोज रात्री तिथेच झडती.

माझ्या मते गोगलगायीचा खरा बंदोबस्त दिवसा होतो, ती झोपलेली असताना. तिला अंगातलं पाणी राखायचं असतं, म्हणून उजाडायच्या आत ती ओलसर अंधारात शिरते. जांभ्याच्या गडग्यातल्या, म्हणजे दगडी कुंपणातल्या फटी, कुंडीच्या बुडाचं भोक, ताटलीची खालची बाजू, रचून ठेवलेले चिरे, वाफ्याला टेकलेला गवताचा ढीग. वाफ्याच्या भोवती दोन हात जागा पार साफ ठेवली, कुंड्या विटांवर चढवल्या आणि पेंढ्याचं आच्छादन पाऊस ओसरेपर्यंत घातलंच नाही, तर निम्मं काम होतं. आच्छादनाचं समर्थन मीही करतो, पण आषाढात ते म्हणजे त्यांच्यासाठी बांधलेली धर्मशाळा.

सगळ्या जागा बंद केल्यावर एकच उघडी ठेवायची. एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम काळा गूळ विरघळवून रात्रभर ठेवावा, जरा आंबूस वास यायला हवा. त्यात गोणपाट बुचकळून, पिळून, संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरावं, खाली पपईची पानं किंवा कोबीचा पाला. दर सात-आठ फुटांवर एक. सकाळी सातच्या आत उलटावं. इथे बहुतेक जण चुकतात: नऊला चहा पिऊन निवांत जातात, तोवर गोणपाट तापतं आणि मंडळी गडग्यात परत. दुसरी चूक म्हणजे दोन दिवस उलटायचं विसरणं. मग तो सापळा राहत नाही, अन्नछत्र होतं.

वेचताना हातमोजे किंवा चिमटा हवाच. गोगलगायींत उंदरांकडून आलेला एक फुप्फुसकृमी असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. त्याच कारणाने पावसाळ्यातला पालक-माठ पान न् पान उलटून, वाहत्या पाण्यात धुवावा आणि शिजवूनच खावा. वेचलेल्या गोगलगायी बादलीत टाकाव्या: पाच लिटर पाणी, अर्धा किलो जाडं मीठ, वर घट्ट झाकण. झाकण विसरलात तर त्या कडेवरून बाहेर चालू लागतात. मीठ वाफ्यात शिंपडू नये, रोपाची मुळं जळतात. पायाखाली चिरडूनही सोडू नये. चिरडलेलीला खायला बाकीच्या येतात. फूटभर खड्ड्यात पुरून टाकावं, आणि ते खारं पाणी झाडांपासून लांब ओतावं.

माती हलवताना साबुदाण्याएवढे किंवा थोडे मोठे पांढरट-पिवळट दाणे पुंजक्याने दिसले तर ते खत नव्हे, तिची अंडी. तेही बादलीत.

रोपं चार-पाच पानांची, जून खोडाची होईपर्यंत पडवीत उंचावर ठेवावी आणि मगच लावावी. पाऊस उघडला की पाणी संध्याकाळी नव्हे, सकाळी घालावं, म्हणजे रात्री जमीन वरून कोरडी असते. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळाल्या तर चौरस मीटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी, विखरून; ढीग करू नये. त्या खाल्लेली गोगलगाय जेवण सोडते आणि बिळात जाऊन मरते. मढं दिसत नाही म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात.

फुकटची मदतही असते. कुकुडकोंबा, म्हणजे भारद्वाज पक्षी, शंख फोडून खातो, बेडूक लहान बिनशंखी गिळतो, आणि काजव्याची अळी तर गोगलगायीवरच वाढते. गडग्यापाशी सरसकट विषारी औषध मारलं की हे तिघे आधी जातात. बदकं पाळावीत असं सुचवणारे भेटतात. बदक गोगलगाय आवडीने खातं, खरं आहे. मग ते कोवळ्या पालकाकडे वळतं.

शेवटचा मार्ग सर्वांच्या मनात असतो, बोलत कोणी नाही: उचलून गडग्यापलीकडे भिरकावणे. इंग्लंडच्या डेव्हनमधल्या एका हौशी बागवालीने 2010 मध्ये गोगलगायींवर रंगाच्या खुणा करून हे तपासलं. बागेतल्या गोगलगायी परत घरी येतात. वीस मीटरच्या पुढे नेऊन सोडाव्या लागतात. इतक्या लांब फेकायचं तर शेजाऱ्याच्या पलीकडच्या शेजाऱ्याचं परडं गाठायला हवं. शिवाय तोही याच वेळी, याच हेतूने, गडग्याशी उभा असतो.