मटारला इंग्लिशमध्ये काय म्हणतात गं?

हे आज दुपारी माझ्या आईने मला विचारलं. हळूच, ओट्यापाशी येऊन, लेकीला ऐकू जाणार नाही अशा बेताने. डोकंच फिरलं माझं. आईवर नाही हो, शाळेवर. आणि थोडं स्वतःवरही.

झालं असं की शनिवारी लेकीच्या शाळेत पीटीएम, म्हणजे पालक-शिक्षक मीटिंग होती. मॅडम म्हणाल्या, बेबी कन्फ्यूज होतेय, एका वाक्यात दोन भाषा मिक्स करते, घरी मराठी जरा बंद ठेवा. तीन वर्षांची आहे ती! आणि मी बावळटासारखी घरी येऊन हे आईला जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून आजीबाई गप्प. नुसतं 'कम', 'सिट', 'ईट'. कुत्र्याला शिकवतात तसं.

कन्फ्यूज म्हणे! परवा म्हणाली, "मम्मा, वॉटर सांडलं." सांडला नाही, सांडली नाही, सांडलं. शब्द इंग्लिश घेतला पण लिंग पाण्याचंच ठेवलं, कुणी शिकवलं हे? 'चार, पाच' मोजताना दोन्ही 'च' वेगवेगळे काढते, चारमधला वेगळा, पाचमधला वेगळा, आपल्याला तरी कधी लक्षात येतं का? दोन भाषांत वाढणारी पोरं शब्द मिसळतातच, तो काही आजार नाही.

मागे एकदा अशाच मटार सोलत बसल्या होत्या दोघी. लेक म्हणाली, "आजी, बाबा ऑफिसला जाला." आता 'जाला' आमच्या घरात कोण म्हणतं? कुणीच नाही. म्हणजे ऐकून पोपटपंची नाही केली, बसला-उठला-पळला ऐकून नियम काढला मनातल्या मनात आणि 'जा'ला लावून टाकला. चूक आहे, पण काय हुशार चूक आहे! आणि आईने तिला टोकलं नाही. "हो का, गेला? कशाने गेला बाबा?" एवढंच. "बाइकने गेला." झालं, दुरुस्त. ना फ्लॅशकार्ड, ना वर्कशीट. माझी आई सातवी शिकलेली आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते बिया, पानं, शंख-शिंपले घेऊन, पोरांच्या आजूबाजूला जे होतं ते घेऊन. त्याच महाराष्ट्रात आज आजीला घरात तोंड उघडायची चोरी.

हो, इंग्लिश लागतं, मान्य. माझी नोकरी त्याच्यावरच चालते. आणि मूल खरंच बोलत नसेल, हाकेला वळून बघत नसेल तर कान तपासून घ्या, डॉक्टरकडे जा, आजीच्या भरवशावर राहू नका, तेही खरं. पण बडबड्या पोरीला गप्प करायचा सल्ला कसला देताय?

राग मॅडमचाही तेवढा नाही आता, त्यांनाही वरून कुणीतरी सांगत असेल. मला सारखं ते आईचं हळूच विचारणंच आठवतंय. मला बोलायला शिकवलं त्या बाईने, आणि ती माझ्या घरात शब्द विचारून घेतेय.

सोमवारी जाऊन बोलणार आहे. नवरा म्हणतो वाद घालू नकोस, पुढे ॲडमिशनचं बघायचंय. बघू.

आईला मघाशी सांगितलं, मटारला मटारच म्हणायचं. हे टाइप करतेय तर आतून आवाज येतोय, "आजी, तो दाणा कुठे जाला?"

"अगं बाई, कुठे बरं गेला?"