खारघरची कार-टी: फुकटही नाही, लाटलेलीही नाही

खारघर-पनवेलच्या ग्रुपांवर दोन मेसेज फिरताहेत: ‘ॲक्ट्रेकमध्ये कॅन्सरवर सरकारी कार-टी फुकट’ आणि ‘सरकारी संशोधन कंपनीनं लाटलं’. दोन्ही चूक. (ॲक्ट्रेक म्हणजे टाटा मेमोरियलचं खारघरमधलं कर्करोग संशोधन केंद्र; कार-टी म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी प्रयोगशाळेत बदलून कर्करोगावर सोडण्याचा उपचार.)

नेक्सकार१९ हा भारतीय कार-टी उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून घडवला. सुरुवातीच्या चाचण्यांना बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे तुमचा-आमचा, पैसा होता. तो बाजारात आणणारी इम्युनोॲक्ट ही कंपनी आयआयटीतूनच निघाली. संस्थापक राहुल पुरवार तिथलेच प्राध्यापक. हे उघड आहे, लपवाछपवी कसली?

ऑक्टोबर २०२३ची मंजुरी सरसकट सगळ्या कॅन्सरसाठी नाही. बी-पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) ठरावीक रक्तकर्करोगांसाठी, तेही नेहमीचे उपचार लागू न पडल्यास किंवा आजार उलटल्यास. खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात. अमेरिकेपेक्षा खूप कमी, हे खरं. पण पाया जनतेच्या पैशाचा असताना किंमत कोण आणि कशी ठरवतं, हे विचारायलाच हवं.