सांतानाचं चर्च बघायला तळावलीला जा

गोव्याहून परतलेल्या कुणालाही विचारा, चर्च म्हटलं की जुन्या गोव्यातलं बॉम जीझस आणि पणजीच्या त्या पांढऱ्या जिन्यावरचा फोटो, संपलं. वर "सगळं पोर्तुगीजांचं हो, युरोपची कॉपी" हे ज्ञान फुकट. या वाक्याचा मला जाम वैताग येतो.

पिलारजवळ तळावलीला सांत आनाचं चर्च आहे, १६९५ मध्ये पूर्ण झालेलं, आणि ते म्युझियम नाही, आजही गावाचंच चर्च आहे. पाच मजली दर्शनी भाग, दोन्ही बाजूंना मनोरे, आणि शिंपल्याच्या आकाराचे कोनाडे, बाहेर तर आहेतच पण आतही. नुसते अल्तारचे, म्हणजे समोरच्या वेदीचे, फोटो काढून बाहेर पडू नका, मान वर करून हे कोनाडे बघा, सावकाश.

आणि गोव्यात कुठल्याही जुन्या चर्चमध्ये किंवा घरात शिंपल्यांच्या खिडक्या अजून शाबूत असतील तर जवळ जाऊन बघाच. लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या चौकटीत एकेक चपटा शिंपला कापून बसवलेला असतो, पलीकडचं काही दिसत नाही पण उजेड येतो, आणि दुपारचं रणरणतं ऊनसुद्धा आत येताना ताकासारखं फिकं होतं. तो उजेड काचेला जमणार नाही, तरी लोक शिंपले काढून काच लावतात!

आता कॉपीचं. १६व्या शतकात गोव्यात हुकूम निघाले होते की हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रं करून घ्यायची नाहीत. एकदा नाही, परत परत निघाले. म्हणजे कामं चालूच होती ना, नाहीतर परत हुकूम कशाला? गोव्यातल्या काही जुन्या चर्चमध्ये पाद्रीबाब ज्या लाकडी पुल्पिटवरून प्रवचन द्यायचे त्याच्या खाली बघा, कमरेच्या वर बाई आणि खाली नागाची शेपटी अशा आकृत्या सगळं वजन तोलून धरतायत. हे लिस्बनहून आलं म्हणता?

एक चीड मात्र सांगतेच. या इमारती जांभ्या दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा, त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, मग पोपडे, मग परत सिमेंट. कुठे जुन्या सोनेरी नक्षीवर चकचकीत ऑइलपेंट. पैसे असून असं करतात तेव्हा काय बोलायचं!

तळावलीला जुलैअखेर तवशांचं फेस्त, म्हणजे काकड्यांचा सणही असतो, मूल हवं असलेली जोडपी सांत आनाला काकडी वाहतात. येशूची आई मारिया, तिची आई ही सांत आना, तिलाच साकडं घालणार. पण कोनाडे नीट बघायचे असतील तर फेस्ताची गर्दी टाळा, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना मोबाईल खिशात ठेवा.